गाडीचा डावा हात

आमच्या गाडीला हात होते. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात आणि आजीचं आता वय झालं असा चेहरा करतात. पण खरंच होते, चांगले दोन. वळताना उघडझाप करणारे दिवे आमच्या त्या जुन्या गाडीला नव्हते. तिच्या पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधल्या खांबात एक उभी खाच होती आणि त्या खाचेत वीतभर लांबीचा एक चपटा हात मिटून बसलेला असायचा. चालवणाऱ्याने समोरचं बटण डावीकडे फिरवलं की डावा हात टक् करून आडवा बाहेर यायचा, त्याच्या पोटातला पिवळा दिवा लागायचा, आणि मागून येणाऱ्याला कळायचं की ही स्वारी आता डावीकडे वळणार. वळून झालं की हात परत खाचेत. मला ते फार ऐटीचं वाटे. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीने हात वर करावा तशी ती गाडी दिसे.

गाडी माझ्या वडिलांची. बाबा डॉक्टर होते. आम्ही राहायला गिरगावात, एका वाडीत, आणि त्यांचा दवाखाना लालबागला, मोठ्या रस्त्यावरून डावीकडे आत जाणाऱ्या एका गल्लीत. पेशंट बहुतेक गिरणीतले. कुणाची बोटं यंत्रात चेमटलेली, कुणाला कापसाच्या तुसाने खोकला जडलेला. कुठे तपासायला जायचं तर वेळेवर पोचता यावं म्हणून बाबांनी ही गाडी घेतली, तीही जुनीच. तिचे रोग मात्र ती नवीन असल्यापासूनचे होते, असं आई म्हणायची.

माणसांचे डॉक्टर बाबा, पण गाडीचे डॉक्टर दुसरेच होते. परळच्या एका गिरणीत वायरमनचं काम करणारे एक गृहस्थ, मूळचे मालवणकडचे. मी त्यांना वायरमनकाकाच म्हणत असे. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशीच जी चाळ होती, तिच्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. पहिल्यांदा ते आले पेशंट म्हणून, विजेच्या तारेने भाजलेलं बोट घेऊन. बाबांनी बोटाला पट्टी बांधली. मग बाबा घरी निघाले तर गाडी चालू होईना. वायरमनकाकांनी ती नवी कोरी पट्टी बांधलेल्या हातानेच झाकण उघडलं, आत काहीतरी खुडबुड केली, गाडी चालू झाली, आणि पट्टी काळीकुट्ट. बाबांनी त्यांना परत आत नेऊन दुसरी पट्टी बांधली. दोस्ती झाली ती अशी.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी काका गिरगावात हजर. आल्याआल्या शर्ट काढून गॅलरीच्या खुंटीला लावायचा आणि बनियनवर खाली वाडीत जाऊन गाडीत डोकं घालायचं. बाबा बाजूला उभे. दोघांच्या गप्पा, वाद, हसणं वरपर्यंत ऐकू यायचं. दहाच्या सुमाराला आई वरून हाक मारायची, मग दोघं पोह्यांवर तुटून पडायचे. काकांचा एकच दंडक होता. "डाक्टर, ह्या गाडयेक दुसऱ्या कोणाचो हात लागता कामा नये." आणि बाबांनी तो पाळला होता.

दसऱ्याला तर काका सहकुटुंब येत. गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची, मग आपल्या हाताखालून जाणारं हेही एक यंत्रच, तेव्हा त्याचीही पूजा व्हायलाच हवी, हा त्यांचा हट्ट. गाडीला झेंडूची माळ, पुढे कुंकवाचा टिळा. बाबांचा देवधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण ते हात जोडून निमूट उभे राहायचे. पूजा झाली की काका पहिलं आपट्याचं पान बाबांच्या हातात ठेवायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि बाबा त्यांना अर्ध्यातच उचलून मिठी मारायचे. वाडीत हा दरवर्षीचा सोहळा होता. लोक खिडक्यांतून बघत असत.

आणि एका वर्षी दसऱ्याला काका आलेच नाहीत.

त्याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. लालबाग-परळला तर घरटी एक माणूस चळवळीत. काका त्यात गळ्यापर्यंत. आधीच्या एका मोर्चात त्यांनी खांद्यावर पोलिसाची काठी खाल्ली होती आणि तो खांदा बाबांनीच महिनाभर शेकून, चोळून, बांधून बरा केला होता. बाबाही मनाने पूर्ण त्यांच्याच बाजूचे. शिवाजी पार्कच्या सभेची दवंडी द्यायला काकांनी गाडी मागितली तेव्हा बाबांनी एका शब्दाने का कू केलं नाही. काकांनी गाडीच्या टपावर भोंगा बांधला, गाडीच्याच बॅटरीवरून त्याला वीज दिली, आणि दिवसभर सगळ्या गिरणगावात "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"चा गजर करत गाडी फिरवली.

संध्याकाळी गाडी परत आली ती बॅटरी पार मेलेली. नेमकं त्याच वेळी एका बाळंतिणीकडून बोलावणं आलं. गाडी हलेना. बाबा बॅग घेऊन ट्रामने गेले, पुढे अर्धी वाट धावत गेले, आणि पोचले तेव्हा सुईणीने सगळं निभावलेलं होतं, बाळ बाळंतीण खुशाल होती, आणि बाबांच्या हातात पेढा ठेवण्यात आला. म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. पण बाबा मनातून घाबरले होते, आणि बाबा घाबरले की चिडायचे. दवाखान्यात परत आले तर काका पायरीवर बसलेले. चार माणसांसमोर बाबा त्यांना म्हणाले, "तुझ्या बोंबलण्यापायी आज एक बाई गेली असती!"

काका उठून उभे राहिले. "बोंबलतंय मी?" एवढंच म्हणाले. "बरा. आता नाय बोंबलणार." आणि निघून गेले.

बाबांना तो शब्द त्याच क्षणी खटकला होता. घरी येऊन जेवताना ते आईला म्हणाले, "मी नको ते बोललो. ज्याने त्यासाठी मार खाल्ला त्याला मी बोंबलतोस म्हणालो." आई म्हणाली, मग उद्या जाऊन तसं सांगा. बाबा म्हणाले, सांगतो. पण उद्या गेले नाहीत, परवाही नाहीत. डॉक्टरी शिकताना कुणी त्यांना माफी मागायला शिकवलं नव्हतं, असं आई पुढे म्हणे. दोन रविवार गेले, चार गेले. पोहे आमचे आम्हीच खाल्ले आणि ते कुणालाच गोड लागले नाहीत.

"दसऱ्याला तो येईल," बाबा म्हणायचे. "सोनं द्यायला येईल. त्याच्याशिवाय राहवणार नाही त्याला." सगळी भिस्त दसऱ्यावर होती. दसऱ्याच्या सकाळी बाबा नवा सदरा घालून उगाच खालीवर करत राहिले. दुपार झाली. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे तासभर दवाखान्यात जाऊन आले, कारण सणाला श्रीखंड हादडून पोट बिघडलेले पेशंट ठरलेले असत. परत आले तेव्हा गाडीच्या नाकावर कुंकवाचा टिळा होता. आईने विचारलं तर म्हणाले, "कंपाउंडरने लावला असेल. तो आज दवाखान्यातल्या तराजूलाही लावत होता." मग खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "तो नाही आला. संपलं म्हणायचं." माझ्या बाबांचा आवाज इतका लहान झालेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. मला रडू आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी गाडीचा डावा हात गेला.

कळलं ते पोलिसामुळे. लालबागच्या गल्लीत वळताना मागून शिट्टी वाजली आणि ओळखीचा पोलीस धावत आला. "ओ डॉक्टर, वळायच्या आधी सांगा तरी! आत्ता सायकलवाला खाली आला असता." बाबांनी बटण फिरवलं होतं, पण हात बाहेर आलाच नव्हता. उजवा हात ठणठणीत. डावा मुका.

आता उजवीकडे बसलेला चालक खिडकीतून हात काढून गोल फिरवतो आणि डावीकडे वळतोय असं दाखवतो, ही सोय होतीच. पण बाबांचं ते गोल फिरवणं इतकं डौलदार असे की लोकांना ते नमस्कारच करतायत असं वाटे, आणि लोक उलट नमस्कार करत. मग बाबांनी एक तोड काढली. मी तेव्हा इंटर सायन्सला होते आणि कॉलेज दुपारचं होतं. सकाळी दवाखान्यापर्यंत मी सोबत जायचं, डाव्या सीटवर बसायचं, आणि वळण आलं की डाव्या खिडकीतून हात आडवा बाहेर काढायचा. दवाखान्यात पोचवलं की मी ट्रामने परत. अशा रीतीने मी दोन महिने आमच्या गाडीचा डावा हात होते.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. बाबा ऐन वळणावर "हात!" असं ओरडायचे आणि मी दचकून काढायचे. एकदा भायखळ्याच्या वळणावर गाडी थांबली होती आणि माझा हात बाहेर तसाच. पत्रकं वाटणाऱ्या एका मुलाने तो बघितला आणि त्यात सभेच्या पत्रकांचा अख्खा गठ्ठाच ठेवला. वर "ताई, पुढच्या चौकात वाटा," असं म्हणून पसार. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पत्रकाकडे बघितलं. मग म्हणाले, "वाट." आणि पुढच्या चौकात गाडी कडेला घेऊन खरंच थांबले. पत्रकं वाटून होईपर्यंत ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत समोर बघत होते. मला वाटलं, काकांनी हे बघायला हवं होतं.

आई रोज म्हणायची, "अहो, त्यांना बोलवा ना सरळ. गाडी नीट होईल आणि तुम्हीही." बाबा मान हलवत. बरं, गॅरेजमध्ये टाका म्हटलं तर तेही नाही. "गॅरेजवाले अख्खं दार उतरवून ठेवतील," असं काहीतरी कारण सांगत. खरं कारण मला कळत होतं. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लावू द्यायचा नाही, असं कबूल केलेलं होतं. दुसऱ्याचा हात लागला की मग खरोखरच संपलं. तेवढं त्यांना करवत नव्हतं. मग एका रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "मी स्वतः दुरुस्त करतो. शेवटी निदान म्हणजे निदान, माणसाचं काय आणि मशीनचं काय."

आणि ते बॅग घेऊन खाली उतरले. हत्यारांची पेटी आमच्याकडे नव्हतीच, काका स्वतःची आणायचे. ही दवाखान्याची बॅग.

वाडीला एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मुलं, म्हातारे, दात घासणारे, दाढीचा साबण लावलेले, सगळे गोळा झाले आणि सगळ्यांना गाडीतलं कळत होतं. बाबांनी कुणाकडेही लक्ष दिलं नाही. पेशंटला विचारतात तसं मला विचारलं, "तक्रार कधीपासून?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"त्याआधी काही त्रास? पडणं, लागणं?"

"काही नाही. दसऱ्याला सकाळी नीट होता. मी देवळात जाताना बघितलाय."

"हं." बाबांनी बटण उजवीकडे फिरवलं. उजवा हात टक् करून बाहेर आला, दिवा लागला. "म्हणजे बॅटरी ठीक. तू इंटर सायन्सला आहेस, सांग, फ्यूज?"

"दोन्हींचा एकच असेल तर तोही ठीक," मी म्हणाले. पुस्तकात एवढंच होतं.

"शाबास. म्हणजे बिघाड डाव्या अंगातच." मग त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला, दुसरं टोक गाडीच्या खांबावर टेकवलं आणि म्हणाले, "फिरव बटण." मी फिरवलं. वाडी एकदम गप्प झाली. बाबांनी डोळे मिटले. "बंद कर. परत फिरव." असं तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "नाडी लागते आहे! आत टक् होतंय. वीज पोचते आहे, ओढही घेते आहे, पण हात उचलत नाही. सांधा आखडलाय."

आखडलेल्या सांध्यावर आमच्या घरात एकच औषध होतं, खोबरेल तेल. आईने नको नको म्हणत वाटी दिली. बाबांनी बारीक थेंब त्या खाचेत सोडले, वरून खांबाला मालीश केल्यासारखं केलं, आणि दोन दिवस आराम असं सांगून वर आले. वाडी पांगली.

दोन दिवसांनी हात हलला नाहीच, उलट आतली टक् देखील ऐकू येईनाशी झाली. डिसेंबर लागला होता, सकाळी चांगला गारवा असे. आईने न्हाणीघरातली तेलाची बाटली आणून बाबांच्या पुढ्यात उपडी धरली. आतलं तेल थिजून पांढरा दगड झालेलं. एक थेंब पडला नाही. "आमच्या केसांना लावायला मी ही रोज उन्हात ठेवते," आई म्हणाली. "तुमच्या गाडीच्या सांध्यात काय झालं असेल?" बाबांनी बाटली हातात घेऊन हलवून बघितली. मग हसायला लागले, आणि आम्हीही. किती दिवसांनी ते असे हसले होते. हसता हसता सवयीने म्हणाले, "हे त्याला सांगायला हवं," आणि एकदम थांबले.

पुढच्या रविवारी ऊन चढेपर्यंत थांबलो. गाडी उन्हात नेऊन उभी केली, तेल वितळलं, टक् परत ऐकू यायला लागली. त्या दिवशी बाबांनी टॉर्च खाचेजवळ धरला आणि मला बटण फिरवायला सांगितलं. फार वेळ फिरवून ठेवलं तर आतलं वेटोळं तापून जळतं, हे काकांनी एकदा सांगितलेलं त्यांना आठवत होतं, म्हणून मी तीन आकडे मोजायचे आणि बंद करायचं.

"एक, दोन, तीन. बंद."

"थांब. परत." बाबांनी डोळा खाचेला लावला. "हात केसभर उचलतो आणि अडतो. आत काहीतरी आहे गं. काहीतरी अडकलंय." मग बॅगेतून त्यांनी तो लांब, बारीक टोकाचा चिमटा काढला. लहान मुलं नाकात चिंचोके घालून घेतात, ते काढायला तो ठेवलेला असे. बाबा त्यात वाकबगार होते. रडणाऱ्या मुलाला गोष्ट सांगता सांगता चिंचोका बाहेर. "फिरव. आणि श्वास रोखून धर."

श्वास मी का रोखायचा ते मला कळलं नाही, पण रोखला. सगळ्या वाडीने रोखला. मी बटण फिरवलं, हात केसभर उचलला, चिमटा आत गेला, बाबांचं मनगट हळूच फिरलं, आणि काहीतरी तपकिरी, कुरकुरीत, अर्धं मोडलेलं बाहेर आलं. त्याच क्षणी टक्! हात सणकन आडवा झाला. दोन महिन्यांनी. पिवळा दिवा भर उन्हातही दिसत होता. वाडीने टाळ्या वाजवल्या.

"पाचोळा," बाबा विजयी मुद्रेने म्हणाले आणि तो फेकायला गेले. आई तोवर खाली आली होती. तिने त्यांचा हात धरला.

"अहो, थांबा. हे आपट्याचं पान आहे."

बाबांनी तळहातावर घेऊन बघितलं. दोन पाळ्यांचं पान, एक पाळी शाबूत, एक चुरडलेली. आपट्याचं झाड आमच्या वाडीत नव्हतं, आसपासही नव्हतं. पानाच्या देठाशी काहीतरी काळं चिकटलेलं होतं. बाबांनी ते नखाने सुटं केलं. तारेवर गुंडाळतात त्या काळ्या चिकटपट्टीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा होता तो. चारी कोपरे कात्रीने गोल कापलेले. पट्टीचे कोपरे गोल कापले की ती सुटत नाही, असं म्हणून प्रत्येक तुकड्याचे कोपरे कापत बसणारा माणूस आम्हाला एकच माहीत होता. आमच्या गाडीत जागोजागी तसे तुकडे लावलेले होते.

बाबा गाडीच्या पायरीवर बसले. दसऱ्याच्या संध्याकाळी ते आत पोटाचे पेशंट तपासत होते, तेव्हा बाहेर कुणीतरी गाडीला टिळा लावला होता, हात खाचेतून उचलून त्यावर सोनं चिकटवलं होतं, हात परत मिटवला होता. आत यायचं मात्र धाडस झालं नव्हतं. आणि बाबा इकडे घरी येऊन, तो आला नाही म्हणून बसले होते.

"कोट आण माझा," ते मला म्हणाले. "आणि चल."

पोह्यांसाठीही ते थांबले नाहीत. ते पान त्यांनी औषधाच्या पुडीसारखं कागदात बांधलं आणि वरच्या खिशात ठेवलं. लालबागला डावं वळण आलं तेव्हा सवयीने माझा हात खिडकीबाहेर गेला. "तू काढू नकोस," बाबा म्हणाले आणि बटण फिरवलं. टक् ऐकू आली.

चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काका कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी गाडी बघितली, बाहेर आलेला हात बघितला, आणि सरळ उभे राहिले. आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हाही ते तिथेच होते. बाबांनी पुडी उघडली, ते अर्धं पान काकांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आज मिळालं. आत अडकलं होतं. मला माहीतच नव्हतं रे."

काकांनी पान उलटंपालटं करून बघितलं. "आज?" ते म्हणाले. "डाक्टर, माझी दुसरी पाळी. रोज सकाळी मी हयसून बघतंय. म्हटलंय, गाडी हय वळता, वळताना डावो हात भायर येतलो, तेवां सोना तुमका दिसतला. तुमी समोरासमोर नाय घेतलात तरी गाडयेच्या हातार घ्याल. पण दुसऱ्या दिसापासून हातच भायर येणा नाय. तुमच्या चेडवाचो हात येता, तुमचो येता, गाडयेचो नाय. माका वाटला, तुमी सोना बघितलात, आणि माझा सोना नको म्हणान हातच बंद करून टाकलात."

दोन महिने रोज सकाळी आम्ही त्या गॅलरीखालून वळत होतो. मी माझा हात बाहेर काढत होते, आणि वर उभा राहून हा माणूस तो बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माझा तर काही दोषही नव्हता.

बाबांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. तू बोंबलत नव्हतास. तू ओरडत होतास ते आमच्या सगळ्यांसाठी. मी नुसता घरात बसून होतो." माफी मागायला ते अखेर शिकले, चाळीच्या गॅलरीत, शेजारपाजाऱ्यांच्या देखत. काका वाकायला लागले तसं बाबांनी त्यांना अर्ध्यातच उचललं. दसरा आमच्याकडे त्या वर्षी डिसेंबरात झाला.

मग काकी चहा घेऊन आल्या आणि काकांनी डोळे पुसत पहिला प्रश्न विचारला, "पण हात अडकलो कसो? पट्टी मी पक्की लावली होती." बाबांनी सगळी हकीकत सांगितली. पट्टी पक्कीच होती, पण पान ताजं होतं, सुकल्यावर वाकडं झालं आणि खाचेत पाचरीसारखं रुतलं. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "मी वायरमन! माका ह्या कळाक नको?" पण बाबा खोबरेल तेलापर्यंत आले तेव्हा काका ताडकन उठले. "खोबरेल? गाडयेक खोबरेल? डाक्टर, तुमी पेशंटांका काय पाजतास कोण जाणे! चला. आधी ता साफ करूक होया." आणि शर्ट चढवून, पेटी घेऊन ते आमच्याबरोबर जिना उतरले. घरी आईने पोहे तसेच झाकून ठेवलेले असणार, याची मला खात्री होती.

निघताना काका पुढच्या डाव्या सीटवर बसले आणि मी मागे. गिरगावात आमच्या वाडीकडे वळायचं आलं तेव्हा बाबांनी बटण फिरवलं. गाडीचा हात टक् करून बाहेर आला. तरीही काकांनी खिडकीतून आपला हात बाहेर काढला आणि गाडी वाडीत शिरेपर्यंत तसाच धरून ठेवला. मी मागच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. माझं काम संपलं होतं.